सायकलीच्या गिअरचा खडखडाट



चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीस जाणारा रस्ता सुमारे 80 किलोमीटरचा आहे व त्याचा बराच भाग वनातून जातो. वाटेत साखळी अडकली तर गिअरच्या सायकलीची जाण असलेला कारागीर भेटेलच, याची शाश्वती नाही. आलापल्ली सोडून भामरागडच्या दिशेने निघाल्यावर तर ती आशाच न केलेली बरी. यास्तव गिअर बदलताना होणारा खडखडाट हा येथील सायकलस्वाराने दुर्लक्षिण्याचा विषय नव्हे. चढावर जोर लावीत असता साखळी एकाएकी दात सोडते, पेडलवरचा पाय निसटतो आणि तोल जातो. मागून कोळशाचा किंवा खनिजाचा ट्रक येत असेल, तर ही चूक प्राणावर बेतू शकते.

खडखडाट सुरू झाला की नवा गिअर बसविण्याचा सल्ला दुकानात तत्परतेने मिळतो. हा खर्च पुष्कळदा अनाठायी ठरतो. सुटा भाग सहसा निकामी झालेला नसतो. केबलचा ताण तेवढा बिघडलेला असतो.

असे का होते, हे समजण्यासाठी गिअरची रचना ध्यानात घ्यावी. मागील चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्या शेजारीशेजारी बसविलेल्या असतात. साखळीला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेस डिरेलर म्हणतात. फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ या विख्यात शर्यतीत ही यंत्रणा वापरण्यास 1937 मध्ये मुभा मिळाली. त्या काळी खटका किती ओढावा, हे स्वार कानाने ठरवीत असे. घासल्याचा आवाज आला की तो किंचित मागेपुढे करी. 1984 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने नेमक्या टप्प्यांचा खटका बाजारात आणला. आता प्रत्येक ‘टक्’ बरोबर केबल ठरावीक अंतरच सरकते. सोय झाली खरी. पण केबल थोडी जरी सैलावली, तरी साखळी दोन चकत्यांच्या मध्येच घुटमळू लागते. खडखड होते ती तेथेच.

उपाय घरी करता येतो. सीटला दोर बांधून सायकल फांदीला अथवा घराच्या आढ्याला अशी टांगावी की मागील चाक जमिनीपासून सुटेल. साखळी सर्वांत लहान चकतीवर आणून पेडल हाताने फिरवीत खटका एकदाच दाबावा. साखळी दुसऱ्या चकतीवर चढण्यास कुरकुर करीत असेल, तर केबल सैल आहे. ती चढून तिसरीला घासू लागली, तर ताण अधिक झाला आहे. डिरेलरमध्ये केबल जेथे शिरते, तेथे बोटांनी फिरविता येणारी एक लहान फिरकी असते. मागून पाहिले असता ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेस फिरविली की ताण वाढतो, काट्यांच्या दिशेने फिरविली की कमी होतो. एका वेळी पाव फेराच द्यावा आणि पुन्हा ऐकावे. घाईने दोन फेरे देणाऱ्यास मूळ जागा पुन्हा सापडत नाही. डिरेलरवरील दोन बारीक स्क्रूंना मात्र हात लावू नये. साखळी टोकाच्या चकतीपलीकडे जाऊ नये म्हणून ते असतात. ते बिघडले तर साखळी आऱ्यांत शिरून चाक मोडू शकते.

मोठ्या चकतीवर साखळी चटकन चढते, पण लहानीवर परतताना रेंगाळते, असे दिसल्यास केबलच्या आवरणात पाणी व धूळ गेली आहे, असे समजावे. पावसाळ्यानंतर या भागात हे हटकून होते. केबल बाहेर काढून पुसावी. गंजली असल्यास बदलावी. तिला फार पैसे पडत नाहीत.

साखळीवर घुग्गुस-बल्लारपूरकडे कोळशाची पूड आणि वनातील वाटांवर माती बसते. त्यावर तेल ओतत राहिल्यास दात झिजविणारा लेपच तयार होतो. प्रथम चकत्यांमधील मळ बांबूच्या चपट्या कामटीने खरवडून काढावा. या जिल्ह्यांत ती विकत आणावी लागत नाही. मग साखळी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, प्रत्येक कडीला एक थेंब यंत्राचे तेल द्यावे व वरचे पुसून टाकावे. घरात आहे म्हणून मोहाच्या बियांचे तेल घालू नये. ते थंडीत गोठते.

सायकल उजव्या अंगावर पडली असेल किंवा बसच्या टपावरून आणली असेल, तर डिरेलर ज्या कानावर टांगलेला असतो, तो वाकलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी फिरकी कितीही फिरविली तरी एक गिअर जुळतो, दुसरा बिघडतो. हे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे. पुढे मोठी चकती आणि मागेही मोठीच, अशी जोडी ठेवल्यास साखळी तिरपी होऊन घासते. तो दोष सायकलीचा नव्हे, स्वाराचा.

दोन्ही जिल्ह्यांत बहुसंख्य सायकली बिनगिअरच्या आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकलीही त्यांतच आल्या. पेडल थांबविल्यावर फ्रीव्हीलमधून येणारी टिकटिक हा बिघाड नव्हे. पेडल मारताना होणारी खडखड मात्र बहुधा सैल साखळी कव्हरला लागल्याने होते. मागील चाकाचे नट ढिले करून चाक सरळ मागे ओढावे व साखळीला मध्यावर सुमारे अर्धा इंच खेळ ठेवावा.

साखळी झिजली की नाही, हे दप्तरातील पट्टीनेही कळते. पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावे. नव्या साखळीत बारा इंचांवर बरोबर दुसरी पीन येते. ती एक-सोळांश इंच पुढे गेली असेल, तर साखळी बदलावी. एक-अष्टमांश गेली असेल, तर चकत्याही झिजल्या आहेत. एकट्या नव्या साखळीने खडखडाट थांबणार नाही.