वारा पाहून पाण्यात
रामेश्वरची सहल ठरली. देवदर्शन आहेच, पण या वेळी काइटसर्फिंगही! पायाखाली फळी, हातात पतंगाची दोरी. बेटावर उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा, हिवाळ्यात ईशान्येचा वारा; किनारा त्याप्रमाणे निवडायचा. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल, तर उतरायचं नाही. पतंग थेट खोल पाण्यात ओढून नेतो. डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात याच बेटावरचं धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं, प्रवाशांसह रेल्वेगाडी वाहून गेली. वाऱ्याशी पैज नको. म्हणून माझी एकच अट: एकानं जरी ‘आज नको’ म्हटलं, तर सगळ्यांनी काठावर बसायचं. शाळेच्या सहलीत पाण्याला घाबरणाऱ्याला आपण चिडवलं, मीसुद्धा. आता त्याचं ऐकू या.