बैलाची सुट्टी, माणसाची सवड



पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाची खांदशेकणी करतो. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद लावतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याला हात जोडून देतो. झूल, घुंगुरमाळा आणि बेगड ही त्या सणाची शोभा होय. गाभा दुसराच आहे. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही. ज्याच्या श्रमावर घर पोसले गेले त्याचे ऋण त्याला विश्रांती देऊन मान्य करावयाचे, ही कृतज्ञतेची साधी आणि रोकडी व्याख्या शेतकऱ्याने आपल्या गोठ्यात जपली आहे.

झाडीपट्टीतील मंडई हीसुद्धा वेळेचीच व्यवस्था आहे. भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया सुरू होतात. गावागणिक दिवस निराळा असतो, म्हणून या गावचा यजमान त्या गावी पाहुणा होऊ शकतो. लेकी माहेरी येतात, सोयरिकीची बोलणी होतात, गोवाऱ्यांच्या ढाली निघतात आणि रात्रभर नाटक रंगते. धानाची कापणी-बांधणी अंगावर असतानाही हा वेळ काढला जातो. त्या रात्री मांडवात एकत्र बसलेली माणसे हेच मंडईचे खरे धन होय.

बाजाराने नेमका हाच क्रम उलटविला आहे. कामासाठी नागपूर-हैदराबादकडे गेलेल्या बापाला जाहिरात सांगते की, वर्षभराच्या गैरहजेरीची भरपाई एका मोबाईलने होईल. हातात पैसा नसेल तर हप्त्यांची सोय आहेच. सण चार दिवसांत सरतो. हप्ता मात्र होळी ओलांडून पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालतो. तो फेडण्यासाठी बापाला पुन्हा परगावी जावे लागते आणि मुलाच्या वाट्याची संध्याकाळ पुन्हा हिरावली जाते. ज्या वस्तूने अंतर भरून काढावयाचे, तीच वस्तू अंतर वाढविते. चंगळवादाची खरी किंमत रुपयांत नसून अशा गमावलेल्या दिवसांत मोजली पाहिजे.

परंतु येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. गरिबाला काटकसरीचा उपदेश करणे हा सुखवस्तू माणसांचा जुना छंद आहे. १८७५ साली पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हाही कर्जाचे खापर लग्नसमारंभ आणि सणांवर फोडले जात होते. चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगालाच मात्र त्या खर्चाला अवाजवी महत्त्व दिले जात असल्याचे नमूद करावे लागले. बियाणे, बैल, पोटाचे अन्न आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढावे लागणारे लहान लहान कर्ज हेच शेतकऱ्याला बुडवीत होते. म्हणून मजुराच्या घरातील नव्या लुगड्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोष लुगड्याचा नाही. माणसाची सवड हिरावून त्या जागी वस्तू विकणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

सवड ही कोणाची कृपा नव्हे, तो हक्क आहे आणि तो लढूनच मिळाला आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टीही नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. पोळ्याच्या बैलाला जे वर्षातून एकदा मिळत होते, ते माणसाला आठवड्यातून एकदा मिळण्यासाठी एवढा झगडा करावा लागला! पुढे १९६५ च्या कायद्याने किमान बोनस हा कामगाराचा हक्क ठरला. शेतमजुरापर्यंत तो पोहोचलाच नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. त्याच कायद्यात कामगाराला साप्ताहिक सुट्टी आणि आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत. पण त्या तरतुदी लहान दुकानांना लागू नाहीत, आणि खेड्यातील बहुतेक दुकाने लहानच असतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री इतरांची खरेदी बांधून देणारा पोऱ्या स्वतःच्या घरी केव्हा पोहोचतो, हा प्रश्न गिऱ्हाइकाने स्वतःला विचारला पाहिजे.

याचा अर्थ सणात काहीच घेऊ नये असा नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातील आई भाऊबिजेच्या पैशांतून श्यामच्या वडिलांसाठी नवे धोतर आणविते, कारण त्यांचे धोतर फाटल्याचे तिने पाहिलेले असते. तेथेही वस्तू आहे आणि खरेदीही आहे. परंतु त्या खरेदीच्या आधी दुसऱ्याकडे पाहणारा डोळा आहे. जाहिरात नेमका हा डोळाच बंद करते.

कृतज्ञतेची परीक्षा घरातही होते. मंडईला पाहुणे येतात, तेव्हा चुलीपाशी कोण असते? ज्या बाईच्या श्रमावर साऱ्या घराचा आनंद उभा राहतो, तीच नाटकाला सर्वांत शेवटी पोहोचते, आणि पुष्कळदा पोहोचतही नाही. बैलाच्या खांद्याला तूप लावणाऱ्या हातांनी त्या दिवशी पाणी भरले, भाकरी थापली, भांडी घासली, तर त्यात कमीपणा कसला? धान कापणाऱ्या मजुराला मंडईच्या दिवसाची मजुरीसह सुट्टी देणे, दुकानातील पोऱ्याला दिवेलागणीच्या आत घरी पाठविणे आणि घरातील बाईला मांडवात पहिल्या रांगेत बसविणे, या तीन गोष्टींना हप्ता लागत नाही. केशोरीच्या पंचक्रोशीने येत्या मंडईत एवढे केले, तर ज्यांच्या कष्टांवर सण उभा राहतो, त्यांनाही तो सण लाभेल.