निरोपाला धनी हवा

(सीमाभागातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत उज्जैन येथील एका निवृत्त मराठी शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा मुख्य भाग येथे देत आहोत. — संपादक)



मी उज्जैनहून आलो आहे. क्षिप्रेच्या काठी मराठी माणूस कसा पोहोचला, हे आपणांस विस्ताराने सांगावयास नको. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आणि पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. राजधानी गेली, पण तिच्याबरोबर आलेली घरे सगळीच काही गेली नाहीत. पुजारी, कारकून, वैद्य, गवई, शिक्षक मागे राहिले. १९४८ मध्ये मध्यभारत आणि १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला, तेव्हा ही सारी मंडळी हिंदी राज्याचे रहिवासी झाली.

आपल्याकडे मराठीचा प्रश्न शाळेच्या पाटीवर आणि कचेरीच्या दारात उभा राहतो. आमच्याकडे मराठी बोलण्यास कोणी मज्जाव करीत नाही. शेजारी प्रेमळ आहेत, हिंदीही आमचीच झाली आहे. म्हणूनच आमचा प्रश्न स्वयंपाकघरात सुटतो किंवा बिघडतो. नातू आजीला हिंदीत उत्तर देतो, आजी हसून तेच पुढे चालविते, आणि एका पिढीत काम होऊन जाते. अशा ठिकाणी मोबाईल नावाची वस्तू खिशात आली, तेव्हा तिने आम्हांस काय दिले आणि आमच्याकडून काय मागितले, एवढेच आज सांगण्याचा माझा विचार आहे.

पूर्वी आमच्या आळीत मराठी घरे भिंतीला भिंत लावून होती. हळदीकुंकवाचे बोलावणे एक मुलगी परकर सावरीत तासाभरात देऊन येत असे. आता तीच घरे शहराच्या चारी अंगांना पांगली आहेत. मुले पुण्यास, बंगळुरास, काही सातासमुद्रापलीकडे आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले, आणि दोनएक वर्षांत आमच्यातील सत्तरीच्या आज्याही व्हॉट्सॲपवर आल्या. आमचा एक गट झाला. गणपतीची वर्गणी, आजाऱ्याला लागणारे रक्त, कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाचे दहावे, सारे तेथे कळू लागले. विखुरलेल्या घरांना पुन्हा एक ओसरी मिळाली, हे मी कृतज्ञतापूर्वक कबूल करतो. या वस्तूची सरसकट निंदा करण्यास मी येथे आलेलो नाही.

तथापि ओसरीवर कोण काय बोलले, हे बसलेल्या सर्वांना दिसत असे. मोबाईलच्या ओसरीवर बोलणारा दिसत नाही. एक साधे उदाहरण देतो.

आपला महिना अमावास्येला संपतो. आमच्या शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्षाचे नाव बदलते. आपली श्रावण वद्य अष्टमी, म्हणजे गोकुळाष्टमी, त्यांच्या पंचांगात भाद्रपदातील कृष्ण अष्टमी असते; दिवस मात्र तोच. त्यामुळे उत्तरेचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. महाकाळेश्वराची पालखी सोमवारी नगरप्रदक्षिणेस निघते, ती त्यांच्या श्रावणाच्या आरंभापासून आपल्या श्रावणाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे दीड महिना. लोक तिला श्रावण-भाद्रपदातील सवारी म्हणतात. दोन्ही पंचांगांची माणसे एकाच पालखीपुढे हात जोडतात, अशी ही सुंदर व्यवस्था आहे.

मोबाईलला ती ठाऊक नाही. एका वर्षी आमच्या गटावर निरोप आला, ‘आजपासून श्रावण, अमुक खाऊ नये, तमुक केल्यास दोष लागतो.’ खाली नाव नाही. पुण्याहून नव्याने आलेली एक सूनबाई गोंधळली, कारण तिच्या माहेरच्या गटावर श्रावणास अजून पंधरा दिवस अवकाश होता. घरात वाद झाला, सासरच्या रीतीचा अपमान झाल्यापर्यंत गोष्ट गेली. वस्तुतः दोन्ही निरोप खरे होते. कोणता कोणासाठी, हे सांगणारा मात्र कोणी नव्हता. शेवटी एका वृद्ध काकूंनी आपल्या आवाजात चार मिनिटांचा निरोप पाठविला. आरंभीच आपले नाव सांगितले, दोन पंचांगे समजावून दिली, आणि म्हणाल्या, ‘कोणास शंका असेल त्याने माझ्याकडे चहाला यावे.’ वाद मिटला. सूनबाई चहाला गेली, आणि आता दर वर्षी जाते.

त्या दिवशी मला जे उमगले ते असे की, निरोपाला धनी हवा. ज्याचे नाव खाली आहे, ज्याला आपण उलट प्रश्न विचारू शकतो, आणि चुकल्यास जो चूक पदरात घेतो, तो निरोपाचा धनी. ही गोष्ट आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होती. पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. माळव्याच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना त्याची वार्ता दहाएक दिवसांनी कळली, ती एका सावकाराच्या जासुदाकडील पत्रातून, हे आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. त्या सांकेतिक पत्रावर विश्वास का बसला? सावकाराची पतच खऱ्या बातमीवर उभी असे. खोटे लिहिणाऱ्याची हुंडी दुसऱ्या दिवशी कोणी वटविली नसती.

धनी नसलेला निरोप काय करतो, ते आपल्याच महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव, बाजाराचा दिवस. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे निरोप त्या भागातील मोबाईलवर फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, भिक्षा मागून पोट भरणारी, त्या बाजारात आली. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि मारून टाकले. तो निरोप पहिल्यांदा कोणी लिहिला? ज्यांनी तो पुढे ढकलला त्यांतील प्रत्येकाने, आपण केवळ सावध करीत आहोत, अशीच मनाची समजूत घातली असेल. पाच माणसे गेली, आणि निरोपाचा धनी म्हणून कोणीही पुढे आला नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला, आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही असे जाहीर केले. एप्रिल २०२० पासून, जो निरोप अनेक हातांतून फिरून आला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. बांध चांगला आहे. पण पाच वेळा करावयाचे पाप एक वेळ करता येतेच. न्यायालयाचेही एक मत लक्षात ठेवावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे ठरविले की, गटातील दुसऱ्याने लिहिलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू दाखविता आला नाही तर, गट चालविणाऱ्यास दोषी धरता येत नाही. ते न्याय्यच आहे. दुसऱ्याच्या तोंडची जबाबदारी कायदा आपल्यावर टाकीत नाही. मग ती आपण होऊन घ्यावयाची की नाही, एवढाच प्रश्न आपल्यापुढे उरतो.

आम्ही ती कशी घेतली, ते सांगतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साऱ्या देशाचे मोबाईल एकाच आक्रोशाने भरून गेले होते. प्राणवायू कोठे मिळेल, खाट कोठे रिकामी आहे, औषध कोणाकडे आहे? क्रमांक शेकडो येत. त्यांतील कित्येक दोन दिवसांपूर्वीच निकामी झालेले असत. माणूस दहा ठिकाणी फोन करी, अकराव्या ठिकाणी रडू लागे, आणि रुग्णाची घटका सरत जाई. आमच्या गटातील एका निवृत्त शिक्षिकेने तेव्हा नियम घातला. कोणताही क्रमांक तिने स्वतः फोन करून पडताळल्याशिवाय गटावर ठेवावयाचा नाही. ठेवला तर खाली वेळ आणि तिचे नाव. आणि उपयोग संपला की तो पुसून टाकावयाचा. दिवसाकाठी तिच्याकडून पाचसहाच निरोप येत. पण त्या पाचसहांवर माणसे विसंबली. माझ्या धाकट्या भावाला प्राणवायूची नळकांडी मिळाली ती त्यांतील एका निरोपामुळे. एका शेजाऱ्यांसाठी मात्र दिवसभर खटपट करूनही काही मिळाले नाही. ती बाई त्या रात्री स्वतः फोन करून म्हणाली, ‘मला काही सापडले नाही हो.’ नकाराचेही धनी होणे मी त्या रात्री पाहिले. ते घर आजही तिचे नाव आदराने घेते.

आता उलट प्रकार पाहा. धनी नसलेला निरोप जितका घातक, तितकाच खोट्या धन्याचा. वृद्धांना फोन येतो. समोरचा आपण पोलीस, सीबीआय किंवा न्यायालयाचे अधिकारी असल्याचे सांगतो, पडद्यावर गणवेश दाखवितो, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका,’ असे धमकावून पैसे पाठवावयास लावतो. श्रोतेहो, या देशाच्या कायद्यात अशी अटक नाही. फोनवरून कोणालाही अटक होत नसते. फसगत झाली तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडविले जाण्याची आशा अधिक. आणि ‘कोणाशी बोलू नका’ असे जो सांगतो तो चोर, एवढे एक वाक्य घरातील वडीलधाऱ्यांस पाठ करून ठेवावयास सांगा. आमच्या गटाने ते प्रत्येक आजीला तिच्या घरी जाऊन सांगितले; नुसते लिहून पाठविले नाही.

शेवटी भाषेविषयी. आमच्या गटावर दिवसाला शंभर निरोप येतात, त्यांतील नव्वद दुसऱ्याने रचलेले, बहुतेक हिंदीतले. फुलांचे चित्र, खाली सुविचार. पाठविणारा मराठी, वाचणारा मराठी, आणि मध्ये मराठीचे एक अक्षर नाही! जी मुले मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत. त्या लिपीत ल आणि ळ यांना एकच अक्षर. काल आणि काळ, कल आणि कळ हे चारही शब्द बहुधा एकसारखेच उमटतात. मोबाईल हिंदीवर लावलेला असला म्हणजे तो शब्द सुचवितो तेही हिंदीच. ‘ळ’ हे अक्षर आमच्या पोरांच्या बोटांतून आधी गेले, मग जिभेवरून जाऊ लागले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या गटावर अभिनंदनाचे निरोप धो धो वाहिले. त्यांतील निम्मे रोमन लिपीत होते.

यावर आम्ही जो उपाय केला तो लहानसा आहे. प्रत्येक घरात एका मुलाने आजीच्या मोबाईलवर मराठी अक्षरे बसवून द्यावयाची, आणि आजीने आठवड्यातून एक निरोप आपल्या आवाजात सांगावयाचा: लहानपणची एखादी आठवण, एखादा पदार्थ, घरातील एखादा जुना शब्द. मुलाने तो ऐकून मराठीत लिहून काढावयाचा आणि खाली दोघांची नावे घालावयाची. आमच्या ‘येऊन राहिलो’ला पुण्याचे पाहुणे हसतात, हसोत. ती आमच्या घरची मराठी आहे. पहिल्या महिन्यात चारच मुले आली. आता अकरा आहेत. अकरा मुलांना ‘ळ’ कोठे आहे हे ठाऊक आहे, यापलीकडे मी काही दावा करीत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये महाकाळेश्वराच्या मंदिरात मोबाईल नेण्यास बंदी करण्यात आली होती. दर्शनाची नोंदणी मोबाईलवर करून आलेला भाविक दाराशी तोच मोबाईल ठेवून आत जाऊ लागला. पुष्कळांनी कुरकुर केली. मला मात्र ती रीत शहाणपणाची वाटली. देवळापर्यंत त्याने आणावे. देवापुढे आपण रिकाम्या हातांनी उभे राहावे. २०२८ मध्ये आमच्याकडे पुन्हा सिंहस्थ भरेल. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळाने मंडप कोसळून माणसे दगावली होती, ते आम्ही पाहिले आहे. तशा गर्दीत धनी नसलेला एक निरोप काय करू शकेल, या विचाराने आम्ही आतापासूनच आमच्या गटाला सवय लावीत आहोत.

आपल्या गावीही असे गट असतील. सीमाभागातील माणूस निरोपाच्या बाबतीत आमच्याहून अधिक हळवा असणार, कारण येथे एक खोटी बातमी दोन भाषांच्या शेजाऱ्यांत एका संध्याकाळी वैर लावू शकते. म्हणून एवढेच मागणे आहे. घरी गेल्यावर मोबाईल उघडाल, तेव्हा पुढे पाठविण्याआधी त्या निरोपाखाली आपले नाव लिहून पाहा. लिहिताना बोट अडखळले, तर तो तेथेच थांबवा. न अडखळले, तर नावासकट आणि आपल्या मराठीत पाठवा.