हेडलाइट मंद पडलाय? बल्ब बदलण्याआधी हे मोजा

आजच्या एपिसोडमध्ये ॲप नाही, कोड नाही. आज बोलायचंय जुन्या गाडीच्या हेडलाइटबद्दल. मी मेकॅनिक नाही, पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचंच. पण गाडीतला इलेक्ट्रिकल फॉल्ट शोधणं आणि कोडमधला बग शोधणं यात मला फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडे अंदाजाने पार्ट बदलत बसलं की पैसे जातात आणि प्रॉब्लेम तिथेच राहतो.

आमची घरची गाडी २००३ ची. ती चिपळूणला बाबांकडे असते. कामानिमित्त त्यांचं कुंभार्ली घाटातून कराडला जाणं-येणं असतं आणि परतताना बऱ्याचदा अंधार पडतो. मागच्या वर्षी ते फोनवर म्हणाले, "अरे, वळणावर रस्त्याची कड दिसतच नाही. समोरून ट्रक गेला की दोन सेकंद नुसता अंदाज." घाटात दोन सेकंदांचा अंदाज म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

बल्ब दोनदा बदलून झाले होते. फरक शून्य. मग एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, "१००/९० वॉटचे टाका, दिवसासारखं दिसेल." तेवढ्यात मी सुट्टीला घरी गेलो आणि सोबत मल्टीमीटर नेला. साधाच, पाचशेच्या आतला.

आता थोडं गणित, घाबरू नका. अशा गाड्यांत नेहमीचा एच४ बल्ब असतो, ६०/५५ वॉटचा. म्हणजे अप्परला ६०, डिपरला ५५. डिपरवर एक बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो, दोन मिळून नऊ. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून पुढे बल्बपर्यंत येतो. वाटेत फ्यूज, कपलर, स्विचचे पॉइंट. वीस वर्षांत प्रत्येक जोडावर थोडा गंज, थोडा काळेपणा. प्रत्येक जण आपला वाटा खातो, आणि उरलेलं व्होल्टेज बल्बला मिळतं.

हॅलोजन बल्बची गंमत म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड साधारण ३० टक्के पडतो. म्हणून नवा बल्ब टाकूनही फरक दिसत नाही. बिचारा उपाशीच असतो.

आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट. कपलर काढून मोकळ्या पिनेवर मीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवेल. वायरची एकच तार शिल्लक असली तरी दाखवेल. कारण मीटर जवळपास करंट घेतच नाही. एका युजरवर टेस्ट केलेली वेबसाइट झकास चालते ना, तसंच. लोड आला की खरं कळतं. म्हणून मोजायचं ते हेडलाइट चालू ठेवून, कपलर लावलेलाच असताना, त्याच्या मागच्या बाजूने.

आम्ही इंजिन चालू ठेवून मोजलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. छान, म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर, ज्याला बाबा अजून डायनामो म्हणतात, दोन्ही ठीक. बल्बच्या दोन पिनांवर मात्र ११.४. अडीच व्होल्ट वाटेत गायब, म्हणजे उजेड जवळपास निम्म्यावर.

मग चोर कुठे आहे? दोन मापं घ्यायची. एक, बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लस पिनेपर्यंत: ०.९ व्होल्ट. दोन, बल्बच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: १.६! हे दुसरं माप ०.१ किंवा ०.२ च्या आत असायला हवं. म्हणजे मोठा चोर परतीच्या वाटेवर होता.

गाडीत परतीची वायर म्हणजे मुख्यतः गाडीची बॉडीच. बल्बची अर्थ वायर जवळच कुठेतरी बोल्टने पत्र्याला जोडलेली असते. कोकणातली हवा आणि पाऊस, त्यात वीस वर्षं. आमच्या गाडीत दोन्ही हेडलाइटची अर्थ एकाच बोल्टवर होती आणि थिंबलखाली लाल गंज. आधी बॅटरीची मायनस काढली. मग बोल्ट खोलला, थिंबल आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, घट्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली, पाणी शिरू नये म्हणून. पुन्हा मोजलं: अर्थकडचा लॉस ०.१, बल्बवर १२.८. खर्च म्हणाल तर पॉलिश पेपरचा.

राहिलेला लॉस स्विचच्या बाजूचा होता. त्यासाठी गावातल्या वायरमन काकांकडून रिले बसवून घेतले, अप्परचा वेगळा, डिपरचा वेगळा. रिले बसला की स्विच फक्त इशारा देतो, आणि खरा करंट बॅटरीजवळून फ्यूजमधून, जाड वायरने थेट बल्बकडे जातो. शेवटचं माप १३.५. बल्ब तेच, ५५ वॉटचे.

आता १००/९० चे टाकले असते तर? करंट दीडपटीच्या वर गेला असता. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच गंजलेल्या जोडावर पावणेतीन पटीच्या आसपास. आधी कपलर वितळतो, मग स्विच, आणि नशीब वाईट असेल तर रात्री घाटात दोन्ही लाइट एकदम बंद.

आता पटापट, लक्षणावरून कुठे बघायचं:

एकच लाइट बंद: बल्ब, त्या बाजूचा फ्यूज, कपलर.
दोन्ही डिपर बंद पण अप्पर चालू: बल्ब योगायोगाने एकत्र जात नाहीत, आधी अप्पर-डिपरचा स्विच किंवा रिले बघा.
इंडिकेटर दिला की हेडलाइटही लुकलुकतो: अर्थ खराब, करंट दुसऱ्या दिव्यातून वाट शोधतोय.
रेस दिल्यावर लाइट खूप प्रखर होतो आणि बल्ब वारंवार उडतात: बॅटरीवर मोजा, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय.
कपलर पिवळा किंवा तपकिरी पडलाय: तो गरम होतोय, लगेच बदला.

आणि या गोष्टी करू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार लावू नका. तो उडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. हॅलोजनच्या काचेला बोटं लावू नका, बोटांच्या तेलाने तो लवकर जातो. डायनामो चेक करायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका. ही जुनी सवय इलेक्ट्रॉनिक्स जाळू शकते. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी कोंबू नका, उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. आणि इंजिन चालू असताना मोजताय तर बाही आणि वायरी पंख्यापासून लांब ठेवा.

लक्षात ठेवायचं एवढंच: तीन मापं. बॅटरीवर, प्लसच्या वाटेवर, अर्थच्या वाटेवर. तिन्ही लाइट चालू ठेवून. पंधरा मिनिटांचं काम आहे. गॅरेजला जायचं असलं तरी हे आकडे फोनमध्ये लिहून घेऊन जा, बोलणं एकदम मुद्द्यावर येतं.

घरातलं कोणी रात्री जुनी गाडी चालवत असेल, तर या रविवारी बोनेट उघडाच. तुमच्या गाडीचे आकडे मला पाठवा, अडलात तर पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू लवकरच, गाडी जपून चालवा!