ताटातून गेलेली भाकरी

(चिकलठाणा येथील मंडळीत उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला वसतिगृहाच्या कामाविषयी दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. तुम्ही आज वेदीपुढे ज्वारी, बाजरी, भोपळे, मेथीच्या जुड्या आणून ठेवल्या आहेत. त्या पाहून वाटले, आकडेवारी तुम्ही अहवालात वाचालच. मी आज एक कबुली द्यावी.

आपल्या वसतिगृहात कन्नड-सोयगावच्या डोंगरपट्ट्यातली भिल्ल मुले शिकतात. त्यांतला एक मुलगा शिकून इथेच, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला लागला. बाविसाव्या वर्षी त्याला शौचावाटे रक्त जाऊ लागले. दिवसातून दहा-बारा वेळा जावे लागे. लाजेने त्याने पाच महिने कुणाला सांगितले नाही. कुणीतरी मूळव्याधीची पुडी दिली, ती खात राहिला. चौदा किलो वजन उतरल्यावर तो माझ्याकडे आला. दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी नाव सांगितले, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात आणि आजार वर्षानुवर्षे सोबत राहतो. क्रोन्स हा त्याचाच भाऊबंद. पूर्वी हे श्रीमंत देशांचे आजार समजले जात. १९९० ते २०१९ या काळात भारतातली रुग्णसंख्या सुमारे दुप्पट झाली, असा अंदाज आहे.

“काय खातोस रे?” मी विचारले. “पाळीवर जाताना चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री पुडीतल्या शेवया.” मग तो सहज म्हणाला, “बिस्किटाची सवय वसतिगृहातच लागली, सर.”

ते वाक्य मला लागले. कारण खरे होते. ही मुले घरी ज्वारी-बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोटा खात. आम्ही सकाळी बिस्किटे, दोन्ही वेळा पांढरा भात आणि पातळ वरण देऊ लागलो. शहरातल्या मुलांसारखे जेवतात म्हणून मी अभिमानाने सांगायचो. एका आईने फडक्यात बांधून आणलेली भाकरी तिच्या मुलाने लाजून पेटीमागे लपवली होती. मी ते पाहिले आणि हसलो होतो.

मोठ्या आतड्यात देवाने अब्जावधी जिवाणूंची वस्ती ठेवली आहे. धान्याचा, भाजीचा चोथा आपल्याला पचत नाही. तो त्यांचे अन्न आहे. तो खाऊन ते ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आहे, बाजरीत ११. पॉलिशच्या तांदळात आणि मैद्यात ३ ग्रॅमसुद्धा नाही.

हे पूर्वीच एका ख्रिस्ती शल्यविशारदाने ओळखले होते. डेनिस बर्किट हे आयर्लंडचे. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. युगांडात अनेक वर्षे सेवा करताना त्यांना दिसले की, चोथ्याचे जेवण जेवणाऱ्या खेड्यांतल्या लोकांत युरोपातले आतड्याचे अनेक आजार क्वचितच आढळतात. पुढे २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीयांनी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २० खेडुतांनी दोन आठवडे आहाराची अदलाबदल केली. चोथ्याचे जेवण मिळालेल्या अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले, सूज उतरली. आफ्रिकेतल्या खेडुतांचे उलट झाले. २०२१ साली २१ देशांतल्या १,१६,००० हून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या देशांत भारतही आहे. कारखान्यात तयार झालेले पुडीबंद पदार्थ दिवसाला पाच वेळा किंवा अधिक खाणाऱ्यांत हे आजार, ते क्वचित खाणाऱ्यांपेक्षा ८२ टक्के जास्त आढळले.

म्हणून त्या मुलाचा आजार बिस्किटांनीच झाला, असे मी म्हणणार नाही. अनुवंश, संसर्ग, प्रतिजैविके अशी अनेक कारणे यात गुंतलेली असतात. पण आमच्या हातून त्याच्या ताटातली भाकरी गेली, एवढे खरे.

आता दोन गोष्टी हात जोडून सांगतो.

पहिली. शौचात रक्त दिसले, जुलाब महिनाभर थांबले नाहीत, वजन उतरले तर पुडी घेऊ नका. घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात दाखवा. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की डॉक्टरांनाही पारख करायला वेळ लागतो. निदान झाल्यावर भाकरीने बरे होईल किंवा प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद, असे करू नका. आजार उसळलेला असताना किंवा आतडे अरुंद झाले असेल तर चोथा उलट त्रास देतो. तेव्हा डॉक्टर सांगतील तेच खायचे. प्रार्थना करा, आणि गोळीही घ्या.

दुसरी. नाताळात तुम्ही प्रेमाने बिस्किटांचे खोके पाठवता. त्या प्रेमाबद्दल उपकार मानतो; पण यंदा त्याऐवजी ज्वारी, बाजरी, मूग, मटकी पाठवा. वसतिगृहात आठवड्यातले पाच दिवस भाकरी सुरू झाली आहे. भाकऱ्या थापायला मुलांच्या आयाच येतात आणि त्यांना त्याचा मोबदला दिला जातो. अंबील आणि पालेभाजी कशी करायची, हे त्यांनीच आमच्या स्वयंपाकिणीला शिकवले.

दानिएल आणि त्याच्या मित्रांनी राजाच्या ताटातले नाकारून दहा दिवस साधे अन्न खाल्ले, हे आपण रविवारच्या शाळेत शिकवतो. आमच्या मुलांकडे ते साधे अन्न होतेच. राजाचे ताट आम्ही त्यांच्यापुढे नेऊन ठेवले.

तो मुलगा आज औषधावर आहे, कामावर परत गेला आहे. गेल्या महिन्यात वसतिगृहात आला, मुलांच्या पंगतीत बसला आणि भाकरी मोडून देत त्यांना म्हणाला, “लाजू नका रे.” त्याच्यासाठी प्रार्थना करा. प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.