मोरचूद लोखंडी बादलीत का भिजवू नये?



सुपारीचा कोळेरोग असो की द्राक्षाचा केवडा, बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नका, असे आम्ही नेहमी सांगतो. ते का, हे आज पाहू.

धातू-धातूंत फरक असतो. जस्ताच्या तुकड्यावर सौम्य गंधकाम्ल टाकले की बुडबुडे येतात. हा हायड्रोजन वायू. लोखंडावरही येतात, पण सावकाश. तांब्याच्या तारेवर एकही येत नाही. कारण जस्त आणि लोखंड आपले विजेचे कण आम्लातल्या हायड्रोजनला सहज देतात आणि स्वतः विरघळतात. तांबे ते देत नाही. म्हणून धातूंची उतरंड लावली आहे: जस्त, लोखंड, कथील, शिसे, मग हायड्रोजन, त्याखाली तांबे, चांदी, सोने. वरचा खालच्याला द्रावणातून हुसकून लावतो.

आता मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. लोखंडी बादलीत भिजवला तर लोखंड विरघळते आणि तांबे बादलीला तांबूस थराने चिकटते. बुरशीला मारणारे तांबेच बादलीत राहिले, तर झाडावर काय पडणार? जस्ती बादलीत हे आणखी लवकर होते. शिवाय बादली गळायला लागते ती वेगळीच. तेव्हा मातीचे, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे भांडे घ्या.

एक टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात विरघळवा. 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात विरवून, गाळून 50 लिटर करा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि ढवळत राहा.

आता हीच गोष्ट परीक्षेला वापरा. घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळा मोरचूद शिल्लक आहे, तो पाने करपवील. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी थोडी थोडी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

माय-भगिनींनो, तांबे आम्लाला दाद देत नाही, मग ताक तांब्या-पितळेच्या भांड्यात चालेल का? नाही. हवेतल्या प्राणवायूच्या साथीने तांबे आंबटात हळूहळू उतरते. ताक कळकते ते यामुळेच, आणि ते पोटाला बाधते. म्हणून तर आतून कथलाची कल्हई लावायची.

तेव्हा विळा स्वच्छ निघाला, तरच पंप खांद्याला लावा.