जाझमधील स्वातंत्र्य आणि त्याची शिस्त



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काही जण जरा बिचकतच आले असतील. गाण्यावरचे व्याख्यान म्हटले की घराणी, राग, बंदिशी यांची अपेक्षा असते. आणि मी तर तीन अमेरिकन वाद्यांची कथा सांगायला उभा आहे. एक सॅक्सोफोन, एक डबल बेस आणि एक ड्रम्सचा संच. या तिघांनी पुढे लिहिलेला कागद न ठेवता, आधी ठरविलेली चौकटही पुष्कळदा सोडून देऊन, जे जागच्या जागी निर्माण केले, त्याला कोणी नवजाझ म्हणतात, कोणी मुक्त जाझ म्हणतात. आणि प्रथमच ऐकणारा पुष्कळदा त्याला गोंगाट म्हणतो. हा तिसरा अभिप्राय मी चेष्टेवारी नेणार नाही. मुक्त झालेले संगीत संगीत राहते कशाच्या बळावर, हा प्रश्न त्या अभिप्रायाच्या पोटात आहे, आणि तो खरा प्रश्न आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : या लोकांनी शिस्त टाकली नाही, तिची जागा बदलली. पूर्वी ती नियमात होती, ती त्यांनी कानात नेऊन ठेवली.

हे पटण्यासाठी आधीची व्यवस्था कशी होती ते पाहिले पाहिजे. जाझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेले संगीत. १९४० ते १९५० च्या सुमाराला त्याचा एक पक्का साचा तयार झाला होता. एखादे गाणे घ्यायचे. पुष्कळदा ते बत्तीस मात्राखंडांचे असे. त्या गाण्याखाली कॉर्ड्‌सची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या समूहांची, एक ठराविक मालिका असे. गाणे एकदा सरळ वाजवायचे, आणि मग ती मालिका पुनःपुन्हा फिरत असताना एकेका वादकाने तिच्यावर आपली उपज करायची. आपल्या आवर्तनाची आठवण यावी अशी ही रचना आहे. मात्र आपल्याकडे आवर्तन तालाचे असते, तेथे स्वरसमूहही आवर्तनात फिरत असतात. या मालिकेचा राखणदार कोण? तर पियानो. बेस पायाचे स्वर धरी, ड्रम्स लय धरीत, आणि पियानो एकल वादकाला क्षणोक्षणी सांगत राही, ‘तू आता येथे आहेस, पुढे तेथे जायचे आहे.’ आपल्या गवयाला तंबोरा षड्‌जाचे घर दाखवितो, पण कोठे जावे हे सांगत नाही. पियानो वाटही दाखवितो. ही मोठी मदत आहे; आणि सर्व मोठ्या मदतींप्रमाणे तिचे थोडे ओझेही आहे.

हे ओझे उतरवून ठेवण्याचे धाडस थोर सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांनी १९५७ साली केले. त्या वर्षीच्या ७ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी बेसवादक रे ब्राउन आणि ड्रम्सवादक शेली मॅन या दोघांनाच बरोबर घेऊन ‘वे आउट वेस्ट’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिघेही कामात इतके गुंतलेले, की मुद्रणाला पहाटे तीनची वेळ धरावी लागली. पुढे ३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या बैठकीत याच धर्तीचे वादन झाले आणि तेही मुद्रित झाले. रोलिन्स यांनी गाण्याची चौकट टाकली नव्हती. टाकला होता फक्त पियानो. पण तेवढ्याने काय घडले पाहा. सॅक्सोफोन एका वेळी एकच स्वर वाजवू शकतो. तेव्हा पूर्ण स्वरसमूह ऐकविणारे वाद्य आता मंचावर उरलेच नाही. तो समूह एकल वादकाने आपल्या स्वरावलीतून सुचवायचा, बेसने खालून त्याला दुजोरा द्यायचा, आणि उरलेले ऐकणाऱ्याच्या मनात पुरे व्हायचे. घराच्या भिंती काढून खांब तेवढे ठेवावेत तसे झाले. वारा मोकळा खेळू लागला. पण एकही खांब आता कच्चा असून भागणार नव्हते.

रोलिन्स यांना आपल्या खांबाविषयी शंका आली असावी. १९५९ साली, कीर्तीच्या ऐन भरात, त्यांनी जाहीर वादन बंद केले आणि १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन ते रियाज करीत राहिले. घरी वाजवावे तर शेजाऱ्यांना त्रास. पुलावर आगगाड्यांचा आणि बोटींच्या भोंग्यांचा आवाज, तेथे कोणाची तक्रार नाही. रियाजाच्या अशा गोष्टी आपल्याकडे उस्तादांविषयी सांगतात. ही मात्र पोलादी पुलावरची आहे. याच गृहस्थांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मुंबईत, पवईच्या आश्रमात, काही महिने राहून योग आणि वेदान्त यांचा अभ्यास केला. आणि १९७८ साली मुंबईत ‘जाझ यात्रा’ भरली तेव्हा ते तेथे वाजवूनही गेले.

पण पियानो काढला तरी चौकट राहिलीच होती. ती चौकटच हलविणारा माणूस म्हणजे ऑर्नेट कोलमन. १९३० साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे गरीब घरात यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील गेले. सॅक्सोफोन बहुतांशी स्वतःच्या बळावर शिकले. १९४९ च्या सुमाराला बॅटन रूज येथे एका नाचाच्या कार्यक्रमानंतर काही लोकांनी त्यांना मारहाण केली आणि त्यांचे वाद्य मोडून टाकले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये ते एका दुकानात लिफ्ट चालविण्याची नोकरी करीत आणि फावल्या वेळात संगीतशास्त्राची पुस्तके वाचीत. धातूचा चांगला सॅक्सोफोन परवडेना, म्हणून १९५४ साली त्यांनी प्लास्टिकचा घेतला, आणि पुढे त्याच पांढऱ्या सॅक्सोफोनवर इतिहास घडविला. त्या काळी ते कोठे वाजवायला उभे राहिले तर बरोबरीचे वादकच मंचावरून उतरून जात. गोंगाट हा शब्द त्यांनी श्रोत्यांच्या आधी सहकाऱ्यांकडून ऐकला.

त्यांचे म्हणणे मोडीत काढण्यासारखे नव्हते. ते असे, की सुरावट आधी आणि स्वरसमूह मागाहून. वादकाच्या मनात एखादी सुरावट उमटली आणि तिला बत्तिसाऐवजी चौतीस मात्राखंड लागले, तर तिला कापायची कशासाठी? तिला हवी तेवढी जागा द्यावी. साथीदारांनी ती कोठे जाते ते ऐकून आपले पाऊल टाकावे. १९५९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये त्यांच्या चौघांच्या मेळाने हे करून दाखविले आणि जाझच्या जगात दोन तट पडले. त्या मेळातही पियानो नव्हताच.

पुढे त्यांनी तिघांचा मेळ बांधला. बेसवर डेव्हिड आयझेनझोन आणि ड्रम्सवर चार्ल्स मॉफेट. मॉफेट हे कोलमन यांच्याच गावचे, मूळचे ट्रम्पेटवादक. त्यांनी काही वर्षे शाळेत संगीत शिकविले होते. आयझेनझोन यांची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. त्यांनी डबल बेस हाती धरला तोच चोविसाव्या वर्षी. पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीची त्यांची तयारी उत्तम होती. जाझमध्ये बेसच्या तारा बोटांनी छेडण्याची चाल. आयझेनझोन मात्र वारंवार गज उचलीत, आणि ते अवजड वाद्य एखाद्या गळ्याप्रमाणे बोलू लागे. साथीदार म्हणून कोपऱ्यात उभे असलेले वाद्य अशा रीतीने संभाषणात सामील झाले. २१ डिसेंबर १९६२ रोजी या मेळाचे न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये वादन झाले. सभागृह कोलमन यांनी स्वतः भाड्याने घेतले होते. त्यानंतर ते दोन वर्षे जाहीर वादनापासून दूर राहिले.

ते परतले १९६५ साली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडात क्रॉयडन येथे त्यांचा कार्यक्रम ठरला, तेव्हा अडचण निराळीच निघाली. अमेरिकन जाझवादकांच्या प्रवेशावर तेथे कडक बंधने होती. शास्त्रीय संगीताच्या कलावंताला ती नव्हती. तेव्हा कोलमन यांनी पाच सुषिर वाद्यांसाठी एक लिखित रचना केली, ती तेथील वादकांनी वाजविली, आणि त्या दाखल्यावर तिघांचे मुक्त वादन झाले. ज्या माणसाला संगीत येत नाही असे म्हटले जात होते, त्याला ते येते हे कागदावर लिहून दाखवावे लागले! त्याच वर्षी ३ आणि ४ डिसेंबरला स्टॉकहोमच्या ‘गोल्डन सर्कल’मध्ये झालेले वादन दोन ध्वनिमुद्रिकांत उपलब्ध आहे, आणि माझ्या समजुतीने या साऱ्या प्रकाराची तीच सर्वांत स्वच्छ ओळख आहे. कोलमन एक लहानशी, गुणगुणता येईल अशी सुरावट वाजवितात. मग ती सोडून निघतात. ड्रम्स उसळतात, बेस कधी पळतो, कधी एका स्वरावर ठाण मांडून बसतो. कोणी कोणाला आज्ञा करीत नाही, तरी तिघेही एका वळणावर एकदम वळतात. ते कसे? तर एकमेकांना ऐकून. दुसरे काही गुपित नाही.

याच्याही पलीकडे एक जण गेला, त्याचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. क्लीव्हलंडचे अल्बर्ट आयलर. १० जुलै १९६४ रोजी गॅरी पीकॉक हे बेसवर आणि सनी मरे हे ड्रम्सवर, अशा तिघांनी न्यूयॉर्कमध्ये ‘स्पिरिच्युअल युनिटी’ मुद्रित केली. सारी मुद्रिका अर्ध्या तासाची. मरे यांनी मात्रा मोजणेच सोडले. त्यांच्या झांजांचा आवाज सळसळत राहतो. आणि आयलर यांचा सॅक्सोफोन रडतो, ओरडतो, फाटतो. पण ‘घोस्ट्‌स’ या रचनेची सुरुवात ऐकावी : पोरासोरांनी अंगणात म्हणावे असे साधे, जवळजवळ भाबडे गाणे. तो आक्रोश या भाबडेपणातून निघतो आणि शेवटी तेथेच परततो. चर्चमधली भजने आणि मिरवणुकीतला बँड यांच्यावर वाढलेल्या माणसाची ती प्रार्थना आहे. १९६७ साली जॉन कोल्ट्रेन यांच्या अंत्यविधीला आयलर आणि कोलमन दोघेही वाजवायला होते. आयलर १९७० साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले.

आता आक्षेपाकडे येतो. ‘हे तर कोणीही करील,’ असे म्हणतात. तिघांनी एकत्र येऊन आवाज करणे कोणालाही जमेल, हे खरे. आणि मुक्त वादनाच्या नावावर पुष्कळ निर्जीव आवाज झाला आहे, हेही मी मान्य करतो. नियम असले म्हणजे सुमार वादकाचीही लाज राखली जाते; नियम काढले की त्याचे सुमारपण उघडे पडते. म्हणून या प्रकारात खोटे फार लवकर कळते. कसोटी एकच : एकाने काही वाजविल्यामुळे दुसऱ्याचे वाजविणे बदलले की नाही? बदलले नसेल, तर तिघे तीन खोल्यांत बसून वाजवीत आहेत. तेथे स्वातंत्र्य नाही, नुसता एकलकोंडेपणा आहे.

आपल्याला ही कसोटी घरी लावून पाहता येईल. स्टॉकहोमची मुद्रिका मिळवून तिच्यातील एकच रचना तीनदा ऐकावी. पहिल्या खेपेस सॅक्सोफोन सोडून फक्त बेसच्या मागे जावे. दुसऱ्या खेपेस ड्रम्सच्या. तिसऱ्या खेपेस सॅक्सोफोन ऐकावा, आणि तो या दोघांना केव्हा उत्तर देतो ते पाहावे. आवडलेच पाहिजे असा आग्रह नाही. पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्याला गोंगाट म्हणणे कठीण जाईल, एवढे मी सांगतो.

श्रोतेहो, कोलमन यांना २००७ साली त्यांच्या देशाचे संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०१५ साली ते निवर्तले. ज्यांच्या हातचे वाद्य मोडले होते, त्यांचा असा सन्मान झाला, याचा आनंद आहेच. परंतु माझ्या मनात राहते ते तीन माणसांचे चित्र. वरून सांगणारे कोणी नाही, पुढे कागद नाही. प्रत्येकाला वाटेल ते वाजविण्याची मुभा आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने प्रत्येक जण दुसऱ्याकडे पूर्वीपेक्षा अधिक कान देऊन उभा आहे. स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याचे न ऐकण्याची परवानगी, असे आपण सभेत, घरात, गावकीत सहज समजून चालतो. या तिघांनी ते उलटे वाजवून दाखविले.